शून्य क्षण कुणी सरकवला?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांचे गुरुजी डॉ. छू, संस्थेचे संचालक डॉ. प्यो, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, फुलांच्या गुच्छामागे जवळजवळ दिसेनाशा झालेल्या सत्कारमूर्ती डॉ. नामगुंग ओक, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि कन्या, आणि ज्यांचा प्रयोग कधी ना कधी कुणाच्या तरी फोटोसाठी थांबवला गेला आहे अशा, समोर बसलेल्या माझ्या तमाम मित्रमैत्रिणींनो,

हसलात. म्हणजे सगळेच त्यातले.

वर्षभर आपण अर्ज करतो. तो नामंजूर होतो, पुन्हा करतो. मग कधीतरी या क्ष-किरण यंत्रावरचे चार दिवस पदरात पडतात. सहा-सहा महिने वाढवलेला स्फटिक डब्यात घालून, तो डबा मांडीवर धरून आपण सोलहून गाडीने या समुद्रकाठी येतो, शेजारच्या प्रवाशाचा कोपर लागला तरी दचकतो. आणि प्रयोगाला बसलो की दारात एक हसतमुख कर्मचारी उभा राहतो. "जरा थांबा हं, पाहुणे आलेत." हे पाहुणे कोण, त्यांना काय पाहायचं असतं, आणि ते निघून गेल्यावर त्यांना त्यातलं काय आठवतं, हे आजवर मला कुणी सांगितलेलं नाही.

मी हाम. सोलच्या एका विद्यापीठात शिकवतो आणि हे यंत्र वापरणाऱ्यांच्या संघाचा यंदाचा अध्यक्ष आहे. दोन शब्द बोलावेत असं मला कळवलं होतं. कार्यक्रम गोड व्हावा, अशी सूचनाही प्रेमळपणे दिली होती. सूचना देणाऱ्यांचा मी आभारी आहे. ती पाळणं मला जमणार नाही.

सुरुवातीला मी नामगुंगबाईंच्या घरच्यांशी बोलतो, कारण मघाशी बाहेर त्यांची कन्या मला म्हणाली, "आई तीस वर्षं इथे काय करते, ते आम्हाला नीट कळलेलंच नाही." ताई, तुझे वडील शाळेत ढोल शिकवतात. ढोलावर काठी पडली की कातडं थरथरतं. ती थरथर डोळ्याला दिसत नाही, इतकी ती भरभर असते. समज, मला तिचा फोटो काढायचा आहे. काठी पडल्यावर लगेच एक, मग पुन्हा काठी मारून जरा उशिराने दुसरा, आणखी उशिराने तिसरा. असे शेकडो फोटो ओळीने लावले की कातडं कसं खाली गेलं, कसं वर आलं, ते समजतं. इथेही तेच चालतं. ढोलाच्या जागी तुझ्या फोनच्या चिपमध्ये असतो तसा अर्धवाहकाचा स्फटिक, आणि कातड्याच्या जागी त्यातल्या अणूंची जाळी. लेसरचा एक लखलखाट ही काठी, आणि क्ष-किरणांचा एक लखलखाट हा कॅमेरा. ती जाळी कशी थरथरते आणि उष्णता कशी वाहून नेते, हे कळलं तर उद्याची चिप कमी तापेल. एवढ्यासाठी हा सगळा डोंगर पोखरून बोगदा केला आहे.

आता वेळेचं बघ. एका सेकंदाचे दहा लाख भाग कर. त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख. त्यातल्या एकाचे हजार. हा एक फेम्टोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतका पुढे जात नाही. तुझ्या आईचं काम असं, की काठी नेमकी कधी पडली ते सांगायचं. लेसर आणि क्ष-किरण स्फटिकावर एकाच वेळी पोचतात, त्या क्षणाला आम्ही शून्य क्षण म्हणतो. बाकी सगळी वेळ त्याच्यापासून मोजायची. शून्य चुकला की सगळे फोटो चुकले. आणि तो चुकायला फार काही लागत नाही. लेसरची खोली जराशी तापली की कुठे प्रकाश वाहून नेणारा काचेचा धागा लांबतो, कुठे आरसा कलतो, आणि लेसर ठरल्या वेळेआधी किंवा नंतर पोचतो. म्हणून ही बाई तीस वर्षं एका खोलीच्या दारावर उभी राहिली आणि लोकांना आत येऊ देईना.

मला तिथूनच त्यांची पहिली ओळख झाली. मी नवा प्राध्यापक, अंगाने तेव्हाही असाच. चपला बदलून, टोपी घालून मी मोठ्या तोऱ्यात लेसरच्या खोलीत शिरलो. त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "प्राध्यापकसाहेब, आपलं नाव काय ते नंतर सांगा. आधी बाहेर व्हा. एक माणूस म्हणजे एक हीटर. आपण दोन आहात." माझे विद्यार्थी बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते हसत होते हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. मी चिडलो. खोलीतून बाहेर येऊन त्यांच्याबद्दल तक्रारही केली. संध्याकाळी त्यांनी मला माझाच आलेख दाखवला. माझ्या त्या आगंतुक भेटीनंतर शून्य केवढा हलला होता ते त्यावर दिसत होतं. मग म्हणाल्या, "तुम्ही आत आल्याचं यंत्राला कळलं. तुम्हाला मात्र यंत्राचं काही कळलं नाही."

अशा बाईंना आज निरोप देताना इथे गौरवफलक दिला गेला. मघाशी तो वाचून दाखवला. 'अचूकतेच्या निष्ठावंत सेविका.' शब्द सुंदर आहेत. काचही उत्तम आहे. मग मला कुणीतरी समजावून सांगा, की ज्या संस्थेने हा फलक दिला, तिनेच मागच्या महिन्यात जगाला असं का कळवलं, की आपल्या गाजलेल्या शोधातली चूक ही 'वेळ जुळवणाऱ्या विभागातील मानवी चूक' होती? त्या विभागात माणूस एकच होता. तो माणूस इथे हिरव्या खुर्चीत बसला आहे.

निवेदिकाबाई मला खूण करताहेत. बाई, मी पाहिलं. तुमची नोकरी माझ्यामुळे जाऊ नये म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, की तुम्ही मला वेळेत थांबवलं होतं, मीच ऐकलं नाही.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. ऐकीव सांगत नाही. पुढची वेळ माझी होती, आणि मी माझा डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत संचालकसाहेबांच्या गटाचा प्रयोग चालला होता. प्रयोग करत होते डॉ. येम दो-हून, साहेबांच्या हाताखाली काम करणारे हुशार संशोधक. सकाळी नामगुंगबाईंनी त्यांना शून्य क्षण मोजून दिला होता. प्रयोग झकास चालला होता. आणि पाहुणे आले. चांगलं मोठं शिष्टमंडळ होतं, बरोबर फोटोवाला आणि कापडी फलक. स्वागताचा तो भलामोठा निळा फलक लावायचा कुठे? बोगद्यात अंधार. सभागृहात मजा नाही. कुणाला तरी सुचलं, की लेसरच्या खोलीत हिरवा-निळा उजेड असतो, मागे आरसे चमकतात, फोटो छान येतो.

नामगुंगबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की खोलीला काचेची खिडकी आहे, पाहुण्यांनी तिथून बघावं. संचालकसाहेब हसून म्हणाले, "नामगुंग डॉक्टर, पाहुण्यांना काचेतून दाखवायला हे काय मत्स्यालय आहे?"

"मत्स्यालयातसुद्धा पाहुणे पाण्यात उतरत नाहीत, साहेब."

पाहुणेही हसले. त्यातले एक तर काचेतून बघायला तयारही झाले होते, मी बाकावरून स्वतः ऐकलं. पण साहेबांना आता मागे हटणं शक्य नव्हतं. पाहुण्यांसमोर हाताखालच्या बाईने नाही म्हटलं, आणि आपण ऐकलं? आपल्याकडे हे कसं चालेल? बाईंना हळूच, अगदी आदराने, दंडाला धरून बाजूला केलं गेलं. दार उघडलं. फलकाचा बांबू आत जाईना म्हणून दार उघडंच ठेवलं. सगळं शिष्टमंडळ आत शिरलं, फोटोसाठी साहेबांच्या गटालाही बोलावलं. मागची रांग, मधली रांग, पुढे गुडघे टेकलेली रांग. फोटोवाल्याने दोन प्रखर दिवे लावले. एकाचे डोळे मिटले म्हणून दुसरा फोटो. मग मुठी वर करून तिसरा. मग फलक वाकडा दिसतो म्हणून चौथा. बाई बाहेर माझ्याशेजारी बाकावर येऊन बसल्या. मी विचारलं, काय करताय. म्हणाल्या, "हीटर मोजतेय."

पाहुणे जेवायला गेले. बाई लगेच आत गेल्या आणि येमना म्हणाल्या की शून्य गेला, पुन्हा मोजू, तास-दीड तास लागेल. येमनी साहेबांना फोन लावला. साहेब जेवणाच्या टेबलावर होते. उत्तर आलं की वेळ घालवू नका, उरलेली मोजमापं संपवा. त्यांना संध्याकाळी यंत्र सोडायचं होतं, हे खरं आहे. पुढची वेळ वर्षाने मिळाली असती, हेही खरं आहे. बाईंनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं, मग त्यांना दुसऱ्या कामाला पाठवलं गेलं.

आणि दुपारच्या मोजमापात अद्भुत घडलं. लेसर पडण्याच्या आधीच अणू हलायला लागले. ढोल शिकवणारे गुरुजी, तुम्हीच सांगा, ढोलावर काठी पडायच्या आधी कातडं थरथरायला लागलं तर तुमचा विद्यार्थी काय म्हणेल? घड्याळ तपासू, असंच ना? इथे घड्याळ तपासलं नाही. इथे शून्य सरकवला. जिथून अणू हलताना दिसले, तोच शून्य मानायचा, असं ठरलं. सगळे आकडे तेवढ्याने पुढे ढकलले. आलेख सुंदर झाला.

इथपर्यंतही मी समजू शकतो. घाईत माणूस असं करतो, नंतर दुरुस्त करतो. पण पुढचं ऐका, कारण माझा राग तिथे आहे. त्या सुंदर आलेखावरून लेख लिहिला गेला, आणि त्यात दावा काय केला? की या अर्धवाहकात लेसर पडताच अणू हलतात, मधे क्षणाचाही विलंब नसतो. आजवरचे सगळे समज मोडीत निघाले. अहो, विलंब कुठून दिसणार? हालचाल जिथे सुरू झाली तिथे तुम्हीच शून्य नेऊन ठेवला. गाडी फलाटावर आली की घड्याळाचा काटा फिरवायचा आणि सांगायचं, आमची गाडी कधी उशिरा येतच नाही. हा शोध आपण जगाला विकला. दूरदर्शनवर दाखवला. आणि त्या बातमीत कोणता फोटो वापरला? तोच, मुठी वर केलेला.

दुसऱ्या देशातल्या गटाने तो प्रयोग पुन्हा केला. विलंब होता. पहिल्यापासून जो पुस्तकात आहे तोच विलंब. त्यांनी सभ्यपणे विचारणा केली. तेव्हा साहेब असं म्हणू शकले असते, की पाहुण्यांनंतर आम्ही शून्य मोजला नाही. एक वाक्य. कुणाचं काही गेलं नसतं, चार दिवस मान खाली गेली असती. त्याऐवजी 'वेळ जुळवणाऱ्या विभागातील मानवी चूक'. मोजा, मोजा म्हणून तीनदा ओरडलेल्या बाईच्या अंगावर न मोजल्याचा गुन्हा घातला.

संचालकसाहेब, आपण घड्याळ पाहता आहात. पाहा. मला आनंदच आहे की या संस्थेत कुणीतरी घड्याळ पाहतं आहे.

आता कुणी म्हणेल, बाई तर निवृत्तच होताहेत, एवढा काय फरक पडतो. हेच मला बाहेर चहाच्या टेबलाशी एका सद्गृहस्थांनी सांगितलं. म्हणून फरक काय पडतो ते सांगतो. देशाच्या मध्यभागी नवं यंत्र उभं राहतं आहे. तिथल्या लेसरची खोली कुठे असावी, तिला दार कुठे ठेवावं, शून्य क्षण कसा पकडावा, हे सगळं आखायला त्यांनी नामगुंगबाईंना बोलावलं होतं. बाई खूश होत्या. यजमानांनी तिकडे घर पाहून ठेवलं होतं. मग आपलं निवेदन गेलं. आणि तिकडून कळलं, की समिती सोमवारी पुन्हा विचार करणार आहे. ज्या माणसाकडून एवढी चूक झाली त्याच्या हाती नवं यंत्र कसं द्यावं, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. मी त्या समितीवर असतो तर मीही विचारला असता. खोटं त्यांनी सांगितलेलं नाही. ते इथून गेलं आहे. आणि त्यांनी बाईंना नको म्हटलं, तर तिथेही दाराशी कुणी उभं राहणार नाही, आणि तुमची-माझी मुलं अजून तीस वर्षं सरकवलेल्या शून्यावर शोध लावत बसतील.

मी काल बाईंना विचारलं, की हे सगळं बोलू का. त्या म्हणाल्या, "नका हो. माझ्या निरोपाला भांडण नको. आणि त्या येमच्या अंगावर तर काहीच टाकू नका. त्याला सरकव म्हणून सांगणारी खुर्ची त्याच्या खुर्चीपेक्षा फार मोठी होती." मग म्हणाल्या, "तो माझ्याकडे आला होता. रडला. मी म्हटलं, रडून शून्य जागेवर येत नाही, जेवून जा."

बाई, पहिल्या विनंतीला मी नकार देतो आहे, त्याबद्दल नंतर मला खोलीबाहेर काढा. दुसरी मान्य. येम दो-हून यांना मी दोष देत नाही. पण येम, तुम्ही त्या तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला आहात, आणि तुमच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांच्याही माना खाली आहेत. त्या लेखावर ज्यांची नावं आहेत ते जवळजवळ सगळे आज या सभागृहात आहेत. तुम्ही सगळे तिथे होता. फोटोत आहात. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर पेला प्यायचा तर तोंड बाजूला वळवून पितात. ही रीत मला आवडते, मी छू सरांसमोर आजही तसाच पितो. पण तोंड बाजूला वळवून खोटं गिळायची रीत आपल्याला कुणी शिकवली? कोणत्या घरी शिकवतात ही? मोठ्यांचा मान राखायचा म्हणजे त्यांनी सरकवलेल्या शून्यावर सही करायची, हे आपण कधी ठरवलं? अणूंना संचालक कोण हे माहीत नसतं. ते त्यांच्या वेळेलाच हलतात. आपण इतक्या मोठ्या खर्चाने, इतक्या मोठ्या यंत्राने त्यांना विचारतो, की तुम्ही कधी हललात, आणि त्यांनी खरं सांगितलं की त्यांच्या तोंडावर हात ठेवतो. मग कशाला हवं हे यंत्र? फोटो काढायला आरसे बाजारात मिळतात.

मी आवरतो. निवेदिकाबाई आता खूण करत नाहीत, त्या ऐकताहेत. अध्यक्ष महाराजांनी मला थांबवलं नाही, त्यांचे मनापासून आभार. ज्यांनी हा समारंभ ठेवला, खुर्च्या मांडल्या, बाहेर वाळवलेल्या माशांची आणि शेवाळाची ताटं सजवली, त्यांचे आभार. नामगुंगबाईंच्या यजमानांचे आभार, तीस वर्षं त्यांनी घरी कडक शिस्त सहन केली असणार. बोलताना कुणाचं पद मागेपुढे झालं असेल, कुणाला लागेल असं बोललो असेन, तर तेवढ्यापुरती मी क्षमा मागतो. जे घडलं ते सांगितल्याबद्दल क्षमा मागत नाही.

आणि एक विनंती. बाहेर ताटं वाढून तयार आहेत, आणि सगळ्यांत वडील माणसाने चमचा उचलल्याशिवाय आपल्यातलं कुणी घास घेत नाही. छू सर, आज आपण सगळ्यांत वडील आहात. कृपा करून जरा वेळ चमचा उचलू नका.

त्या लेखावर ज्यांचं नाव आहे, त्या प्रत्येकाने आता फोन हातात घ्यावा. ज्या नियतकालिकाने लेख छापला त्यांचा पत्ता तुम्हाला पाठ आहे, त्या पत्त्यावर मेल लिहा, आणि नव्या यंत्राच्या समितीला तिची प्रत लावा. मोठं लिहू नका. 'पाहुण्यांच्या भेटीनंतर शून्य क्षण पुन्हा मोजला नव्हता. नामगुंग ओक यांनी तो मोजायला सांगितला होता.' खाली तुमचं नाव घाला.

पाठवा. आम्ही जेवायला थांबलो आहोत.